लेझरने पीव्हीडीएफ फिल्म तापवून पोलरायझेशन मोजतेय, मागचा भाग उलटा निघतोय. मॉडेल चुकलंय की फिल्म?

वाघूरकाठची
रात्री ११:४०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करते. उरलेला वेळ म्हणजे रात्री साडेनऊनंतरचा, पोरगं झोपलं की. विषय पीव्हीडीएफची फिल्म. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे एक प्लास्टिकच आहे, पण ताणून आणि जबर व्होल्टेज देऊन त्याच्या आतले रेणू एका दिशेला वळवले की दाबल्यावर वीज देतं, तापवल्यावरही देतं. दाबल्यावर वीज देतं हे कावाई नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९६९ साली दाखवलं. आमचे आबा म्हणतात, जळगावला चटया करतात त्या प्लास्टिकपेक्षा महाग आहे का? आहे, आबा. बरंच.

माझी फिल्म २८ मायक्रॉनची, दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. सिलिकॉन तेलात बुडवून २२०० व्होल्ट अर्धा तास दिले, म्हणजे मायक्रॉनला जवळपास ७९ व्होल्ट. पीव्हीडीएफला वळायला मायक्रॉनला ५० च्या आसपास लागतात, तेव्हा पोलिंग, म्हणजे रेणू वळवण्याचं काम, नीट झालं असं धरून चालले.

आता मला बघायचंय की हे पोलरायझेशन, म्हणजे रेणूंचं एका दिशेला वळणं, जाडीभर सारखं आहे का. म्हणून लिम (LIMM) पद्धत: लेझरचा उजेड साइन वेव्हसारखा कमी-जास्त करायचा, फिल्मचा पृष्ठभाग तितक्याच तालावर तापतो-निवतो, उष्णतेची लाट आत शिरते आणि फिल्ममधून करंट येतो. फ्रिक्वेन्सी बदलली की लाट किती खोल जाते तेही बदलतं. वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे करंट घेऊन उलटं गणित (इन्व्हर्जन) करायचं, की कुठल्या खोलीवर किती पोलरायझेशन आहे ते निघतं. सिडनी लँग आणि दास-गुप्ता यांनी १९८१ मध्ये मांडलेली पद्धत आहे, मी काही नवीन करत नाहीये.

माझ्याकडे २० मिलिवॅटचा लाल लेझर डायोड, ५ मिलिमीटरचा ठिपका, बारीक करंट मोठा करणारा प्रीअ‍ॅम्प आणि दुसऱ्या विभागाकडून हातापाया पडून आणलेला लॉक-इन (गोंगाटातून एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचणारं यंत्र). फिल्म काचेच्या स्लाइडवर किंचित ग्रीस लावून बसवली, वरच्या बाजूला ग्रॅफाइटचा काळा स्प्रे. १० हर्ट्झ ते ५० किलोहर्ट्झ, ४० फ्रिक्वेन्सी. मोजमाप रात्रीच करते, कारण दिवसा व्होल्टेज नाचतं.

मॉडेल पायथनमध्ये स्वतः लिहिलंय. जाडीचे २८० थर, प्रत्येक ०.१ मायक्रॉनचा. वरून उष्णता येते, खालून काहीच जात नाही अशी सीमा धरली. सुरुवातीला टाइम स्टेप १ मायक्रोसेकंद ठेवला तर तापमान दहाचा चाळीसावा घात झालं. इतकं तर भुसावळलाही होत नाही. मग ८० नॅनोसेकंदांवर आणलं तेव्हा कुठे शांत झालं. पण आता १० हर्ट्झच्या एका आवर्तनाला साडेबारा लाख स्टेप लागतात, लॅपटॉप रात्रभर चालतो, आणि पहाटे चारला लाइट जाते.

शेवटी निघालेलं चित्र असं: पहिल्या दोन मायक्रॉनमध्ये पोलरायझेशन कमी, मग मधे बऱ्यापैकी सपाट, आणि मागच्या तिसऱ्या हिश्शात चक्क उणे. म्हणजे तिथले रेणू उलटे वळलेत? मी स्वतः पोल केलेली फिल्म आहे, एकाच दिशेने व्होल्टेज दिलंय. गाइड म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे, यावर पेपर होईल." मला मात्र पेपर व्हायच्या आधी झोप यायला हवीय.

कुणी हे काम केलंय का?

शून्यएक
रात्री ११:५८

ग्रिड बारीक करा ना. ०.१ ऐवजी ०.०५ मायक्रॉन, ५६० थर. आणि लॅपटॉपवर कशाला करताय, क्लाउडवर भाड्याने मशीन घ्या. रात्रभराचं काम वीस मिनिटांत.

मीटरवाला_नाना
पहाटे ५:२०

शून्यएक, भो, ग्रिड बारीक करीसन काय व्हई? फोटो हललेला असला तर मोठ्या कागदावर छापून चेहरा स्पष्ट होतो का? शिवाय थराची जाडी अर्धी केली की टाइम स्टेप एक चतुर्थांश करावा लागतो. थर दुप्पट, स्टेप चौपट. ताईंचं काम आठपट होईल आणि उत्तर तेच येईल.

ताई, मी पुण्यात एका पॉलिमर लॅबमध्ये ३१ वर्षं उपकरणं सांभाळली, आता भुसावळला बसून लोकांचे मिक्सर दुरुस्त करतो. पीएच.डी. माझी नाही, पण पाच जणांची माझ्या टेबलावर झाली. म्हणून बोलतो.

आधी एक विचारतो. तुमच्या आजोबांच्या घराला धाबं, मातीचं सपाट छप्पर, होतं का? आमच्या यावलकडच्या घराला होतं. फूटभर मातीचं. मे महिन्यात दुपारी तीनला वर पाय ठेवता येत नसे आणि आत मात्र गारवा. रात्री जेवणं झाली की आम्ही पोरं वर झोपायला जायचो, कारण तेव्हा आत भट्टी पेटायची. दुपारचं ऊन रात्री साडेबाराला आत पोचायचं. का, ते मला खूप उशिरा कळलं. मातीची डिफ्यूजिव्हिटी (उष्णता किती झपाट्याने पसरते तो आकडा) सेकंदाला अर्धा चौरस मिलिमीटर धरा. लाट जिथवर पोचते ती खोली म्हणजे डिफ्यूजिव्हिटीला पाय (π) आणि फ्रिक्वेन्सीने भागायचं आणि वर्गमूळ घ्यायचं. चोवीस तासांच्या लाटेला उत्तर येतं १२ सेंटिमीटर. धाबं ३० सेंटिमीटरचं, म्हणजे अडीचपट. तेवढ्यात लाट बारावा हिस्सा उरते आणि साडेनऊ तास मागे पडते. तीन अधिक साडेनऊ, करा हिशेब. आणि वर्षाची लाट, उन्हाळा-हिवाळ्याची, ती सव्वादोन मीटर जाते. म्हणून विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं.

तुमची फिल्म म्हणजे २८ मायक्रॉनचं धाबं. पीव्हीडीएफची डिफ्यूजिव्हिटी सेकंदाला ०.०६ चौरस मिलिमीटर. ५० किलोहर्ट्झची लाट जेमतेम ०.६ मायक्रॉन जाते, १ किलोहर्ट्झची ४.४ आणि १० हर्ट्झची ४४ मायक्रॉन, म्हणजे फिल्मच्या पार बाहेर. आता नीट बघा. वरच्या पाच मायक्रॉनबद्दल सांगायला १ ते ५० किलोहर्ट्झ एवढा मोठा पट्टा आहे. मागच्या तिसऱ्या हिश्शाबद्दल सांगायला कोण आहे? १०० हर्ट्झच्या खालच्या मूठभर फ्रिक्वेन्सी. आणि त्यासुद्धा एकट्या मागच्या भागाबद्दल बोलत नाहीत, सगळ्या फिल्मचं मिसळून सांगतात. एका खोलीत दहा जण बोलत असताना कोपऱ्यातला काय कुजबुजला ते भिंतीबाहेरून ओळखायचं, असं ते काम.

म्हणून प्रोफाइल, ते खोलीनुसार काढलेलं चित्र, बाजूला ठेवा. मला कच्चा करंट दाखवा. पोलरायझेशन जाडीभर सारखं असेल आणि उष्णता मागून निसटत नसेल, तर करंट फ्रिक्वेन्सीवर अवलंबूनच नसतो. सगळीकडे सारखी संवेदनशीलता असली की उष्णता वरच्या मायक्रॉनमध्ये आहे की खाली, याने काही फरक पडत नाही. एकूण किती आली एवढंच मोजलं जातं. ताटात भाकरी कुठल्या बाजूला ठेवली यावर वजन बदलत नाही तसं. तुमच्या आकड्यांवरून करंट ४ नॅनोअँपिअरच्या आसपास यायला हवा आणि आडवी रेघ यायला हवी. रेघ जिथे वाकते तिथे काहीतरी आहे. ते फिल्ममध्ये आहे की टेबलावर, हे नंतर.

आणि दुसरं, फिल्म पालथी घाला. दुसऱ्या बाजूने लेझर मारा. खरी गोष्ट फिल्मबरोबर उलटते. खोटी गोष्ट लेझरपासून तितक्याच अंतरावर बसून राहते.

वाघूरकाठची
सकाळी ७:०५

नाना, पाया पडते. धाब्याचं गणित मी आज बारावीच्या वर्गात सांगणार आहे.

कच्चा करंट काल रात्रीच काढून ठेवला होता, पण खरं सांगायचं तर त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. फाइल थेट इन्व्हर्जनच्या प्रोग्रॅममध्ये टाकली. आत्ता प्लॉट केला. २०० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ अगदी आडवी रेघ, ३.७ नॅनोअँपिअर. १०० हर्ट्झजवळ किंचित फुगवटा, सात-आठ टक्के. ४० च्या खाली पडायला लागतो आणि १० हर्ट्झला जवळजवळ निम्मा. वरच्या बाजूला ५ किलोहर्ट्झनंतर हळूहळू उतरतो, आणि फेज (सिग्नलचा ताल) मागे मागे जात ५० किलोहर्ट्झला बरीच.

फिल्म पालथी घालायला वेळ लागेल. ग्रीस पुसायचं, काळा स्प्रे काढून दुसऱ्या बाजूला मारायचा. शनिवारी करते.

गिरणामाय
सकाळी ९:३०

नानांनी मुख्य ते सांगितलंच आहे. मी इन्व्हर्जनच्या बाजूने दोन शब्द टाकते. माझं काम जमिनीतल्या पाण्याच्या विद्युत सर्वेक्षणाचं, चाळीसगाव-पाचोऱ्याकडे बोअर कुठे घ्यायचं ते सांगण्याचं. रोग तोच: वरून मोजायचं आणि खालचं सांगायचं.

तुमच्या ४० फ्रिक्वेन्सी, प्रत्येकीचे दोन आकडे, रिअल आणि इमॅजिनरी. झाले ८०. अज्ञात २८०. आणि ते ८० सुद्धा एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, शेजारच्या फ्रिक्वेन्सी जवळपास तेच बोलतात. तुमच्या मॅट्रिक्सच्या सिंग्युलर व्हॅल्यू (मोजमापात स्वतंत्र माहिती किती ते दाखवणारे आकडे) काढून लॉग स्केलवर बघा. धबधब्यासारख्या पडतील. मोजमापात १ टक्का गोंगाट असेल तर सात-आठ व्हॅल्यूंच्या पुढे सगळा गोंगाटच. म्हणजे या मोजमापातून फिल्मबद्दल सात-आठ आकडे कळू शकतात, २८० नाही. बाकीचे २७२ तुमच्या रेग्युलरायझेशनने (उत्तर गुळगुळीत ठेवायच्या अटीने) भरलेले आहेत. तिखोनोव्हचं अल्फा, म्हणजे त्या अटीचा जोर, किती ठेवलंय आणि कसं निवडलं? "चित्र बरं दिसलं म्हणून" असं उत्तर असेल तर लाजू नका, सगळे तेच करतात. एल-कर्व्ह (जुळणी विरुद्ध गुळगुळीतपणा असा आलेख) काढा आणि कोपऱ्यावरचं घ्या.

आणि एक काम कराच. खोटी फिल्म बनवा. संगणकात एक सपाट प्रोफाइल घ्या, त्यातून करंट काढा, त्यावर १ टक्का गोंगाट शिंपडा आणि तो करंट तुमच्याच इन्व्हर्जनला द्या. सपाट परत आलं पाहिजे. मग खोटी फिल्म काचेवर ठेवून करंट काढा, पण इन्व्हर्जनला काच सांगू नका. काय निघतं ते बघा. मला वाटतं तुम्हाला तुमचा उणे भाग तिथे भेटेल.

(काळा रंग म्हणून मेणबत्तीची काजळी धरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उजेड शोषायला काजळी उत्तम, पण पीव्हीडीएफ ८० अंशांच्या वर गेला की पोलरायझेशन सोडायला लागतो.)

शून्यएक
सकाळी १०:१५

नाना, फोटोचं उदाहरण लागलं, पण बरोबर आहे. भरपाई म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो.

ताई, तुम्ही काळात पावलं टाकताच कशाला? लेझर साइन वेव्ह आहे, समीकरण रेषीय आहे, म्हणजे सगळं त्याच फ्रिक्वेन्सीवर हलतं. काळाचा डेरिव्हेटिव्ह वगळा आणि त्याच्या जागी आय-ओमेगाने गुणा. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला २८० कॉम्प्लेक्स अज्ञातांची एक ट्रायडायगोनल सिस्टिम (प्रत्येक समीकरणात फक्त शेजारचे थर) उरते. साध्या लॅपटॉपवर चाळीसही फ्रिक्वेन्सी एका सेकंदाच्या आत होतील. फिल्म एकाच थराची असेल तर तेवढंही नको, कॉश आणि सिंचचं (cosh, sinh) बंद सूत्र आहे. पण तुम्हाला काच टाकायची असेल, वर ग्रॅफाइटचा थरही टाकायचा असेल, तर ट्रायडायगोनलच बरं. थर वाढवत जा. काच मात्र सगळी घेऊ नका, अर्धा मिलिमीटर घेतली तरी १० हर्ट्झच्या लाटेला ती अनंतच वाटते.

क्लाउडचं मी बोललोच नाही असं समजा.

वाघूरकाठची
शनिवार, रात्री १:१०

झोपायच्या आधी लिहून टाकते, उद्या विसरेन.

शून्यएक, तुमची ट्रायडायगोनल अर्ध्या सेकंदात होते. अर्ध्या सेकंदात! मी मार्चपासून रात्रभर लॅपटॉपखाली वही ठेवून पंख्याची हवा देत होते.

गिरणामाय, खोटी फिल्म केली. सपाट दिली, सपाट परत आली. मग खाली काच ठेवून करंट काढला: १०० हर्ट्झला फुगवटा, १० टक्के! ४० च्या खाली पडझड, १० हर्ट्झला ०.५२ पट. माझ्या खऱ्या मोजमापात ०.५८ आहे, तेवढा फरक ग्रीसचा असावा, ते मी मॉडेलमध्ये घातलं नाही. फुगवटा पाहिला आणि खुर्चीतून उठलेच. तो मला गोंगाट वाटला होता. काचेत उशिरा, उलट्या तालात शिरणारी लाट आहे ती. आणि हा काचेवरचा करंट "मागून काही जात नाही" म्हणणाऱ्या इन्व्हर्जनला दिला, तर मागचा तिसरा हिस्सा उणे. हुबेहूब माझं चित्र. म्हणजे उष्णता काचेत पळत होती, आणि ती पळतेय हे मी प्रोग्रॅमला सांगितलंच नव्हतं. कमी पडलेल्या करंटचा हिशेब लावायला त्याने बिचाऱ्याने रेणू उलटे वळवले.

फिल्म पालथी घातली. उणे भाग पुन्हा मागेच, लेझरपासून तितकाच लांब. नाना, तुमची कसोटी शंभर टक्के. आता मॉडेलमध्ये काच घातल्यावर दोन्ही बाजूंनी मागचा भाग सपाट.

मधे एकदा काच नकोच म्हणून फिल्म रिंगवर ताणून हवेत टांगली होती. त्याची गंमत सांगते. लॉक-इनवर कमी फ्रिक्वेन्सीला आकडा स्थिरच होईना. पंखा बंद केला, थोडा थांबला. बाहेर ट्रॅक्टर गेला, पुन्हा नाचला. पीव्हीडीएफ दाबल्यावरही वीज देतो हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय! मी थर्मामीटर समजून मायक्रोफोन टांगला होता. आणि ४३ अंशात पंखा बंद करून दारंखिडक्या लावून बसणं माझ्याने होणार नाही. काचच बरी.

उरली गोष्ट वरच्या दोन मायक्रॉनची. तिथला खड्डा पालथी घातल्यावरही दिसतोय, दोन्ही बाजूंना. म्हणजे तोही खोटा?

मीटरवाला_नाना
रविवार, पहाटे ५:४५

थांबा, घाई नको. दोन्ही बाजूंना दिसतो म्हणजे त्यातला काही भाग तरी टेबलाचा आहे. सगळाच आहे असं नाही.

वरचे दोन मायक्रॉन म्हणजे ५ किलोहर्ट्झच्या वरचा मामला. तिथे तुमचा प्रीअ‍ॅम्प दमत असणार. नॅनोअँपिअरसाठी गेन वाढवला की बँडविड्थ जाते, आणि मॅग्निट्यूड पडायच्या कितीतरी आधी फेज मागे जाते. कंपनीच्या कागदावर लिहिलेली बँडविड्थ इनपुटला काही न लावता मोजलेली असते. तुम्ही लावलीय फिल्म. तिची कपॅसिटन्स काढा: इलेक्ट्रोड एक चौरस सेंटिमीटर असेल तर ३८० पिकोफॅरडच्या घरात जाते.

म्हणून असं करा. फिल्म काढा, तिच्या जागी एक छोटा फोटोडायोड लावा, त्याला समांतर ३९० पिकोफॅरडचा कपॅसिटर. हाच लेझर त्याच्यावर मारा. उजेड खूप होईल, नॅनोअँपिअरवर आणायला जुन्या एक्स-रेच्या काळ्या भागाचे तुकडे एकावर एक धरा, कुठल्याही घरात कपाटावर सापडतात. फोटोडायोडला उष्णतेशी देणंघेणं नाही, तो ५० किलोहर्ट्झला लगेच उत्तर देतो. म्हणजे जी फेज मागे दिसेल ती लेझर ड्रायव्हर आणि प्रीअ‍ॅम्पची. तेवढी प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वजा करा, गेनही त्याच प्रमाणात दुरुस्त करा. रेझिस्टरमधून सिग्नल घालून बघायच्या भानगडीत पडू नका, १० मेगाओहमचा रेझिस्टर ५० किलोहर्ट्झला रेझिस्टर राहत नाही, स्वतःच्याच कपॅसिटन्सने फेज फिरवतो. मी एकदा त्यात आठवडा घालवलाय.

आणि ग्रॅफाइट किती जाड आहे? पाच मायक्रॉन असेल तर तो ५० किलोहर्ट्झच्या लाटेसाठी जिनाच आहे. उजेड त्या जिन्याच्या वरच्या टोकाला शोषला जातो, आणि तुमचं मॉडेल म्हणतं फिल्मवरच शोषला गेला.

वाघूरकाठची
रविवार, रात्री १०:५०

एक्स-रे सासूबाईंच्या गुडघ्याचा सापडला. त्यांना विचारून कापला. "माझा गुडघा आता शास्त्राच्या कामी आला म्हणायचा," म्हणाल्या.

पाच तुकडे लागले. ५० किलोहर्ट्झला फेज ११ अंश मागे, १० किलोहर्ट्झला सव्वादोन. ती दुरुस्ती घातली. ग्रॅफाइट मायक्रोमीटरने मोजला तर ५ ते ६ मायक्रॉन निघाला, मी सायकलचा मडगार्ड रंगवावा तसा मारला होता. पुसून काढला आणि हात लांब धरून एकच उडता फवारा दिला. आता तो मायक्रोमीटरच्या काट्याला कळत नाही इतका पातळ आहे, खाली अ‍ॅल्युमिनियमची चमक थोडी थोडी दिसते. त्यामुळे करंट २.९ नॅनोअँपिअरवर आला, बराच उजेड परत उडून जातोय. पण रेघ सरळ आहे, आणि तेवढ्या करंटवर लॉक-इनचं भागतं.

पहिली बाजू: खड्डा गेला. वरपासून सपाट.
दुसरी बाजू: खड्डा आहे. अर्धा झाला, पण आहे. अल्फा दहापट वाढवला, दहापट कमी केला, तरी जागेवरून हलत नाही. तीनदा मोजलं.

गिरणामाय
रविवार, रात्री ११:२०

मग तो खरा आहे. लेझरच्या बाजूचे पहिले दोन-तीन मायक्रॉन ही या पद्धतीची सगळ्यात भरवशाची जागा, खोलीबरोबर तिची नजर अधू होत जाते. एका बाजूने आहे, दुसऱ्या बाजूने नाही, अल्फाला दाद देत नाही. आणखी काय पाहिजे?

पोलिंग करताना इलेक्ट्रोडमधून चार्ज आत शिरतो आणि तिथलं फील्ड बिघडवतो, त्यामुळे एका इलेक्ट्रोडजवळ पोलरायझेशन वेगळं पडतं. पीव्हीडीएफमध्ये असं एकतर्फी पोलरायझेशन पूर्वी अनेकांनी मोजलंय, विशेषतः कमी फील्ड दिलेलं असताना. तुमचं फील्ड फार कमी नाही, म्हणून खड्डाही लहान आहे. खड्ड्याची बाजू पॉझिटिव्हची होती की निगेटिव्हची? तुमच्या पेपरमधलं महत्त्वाचं वाक्य तेच असेल.

वाघूरकाठची
रविवार, रात्री ११:३५

हाच प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं.

लिहून ठेवलं नाही. तेलातून काढली, पुसली, डबीत टाकली. फिल्म दोन्हीकडून सारखीच दिसते. दोनदा पालथी घातली आता. दाबून सिग्नलचं चिन्ह (अधिक की उणे) बघितलं तर पोलरायझेशनची दिशा कळेल, आणि त्यावरून पॉझिटिव्ह कुठे होता तेही काढता येईल. पण डबीत असताना मी कुठली बाजू वर ठेवली होती हे आठवून लिहिण्यापेक्षा ते बरं, एवढंच.

मीटरवाला_नाना
सोमवार, पहाटे ५:१०

दाबून बघणं चालेल, पण फिल्म काचेवर असताना नका दाबू. स्लाइडसकट वाकली तर वाकण्याचा सिग्नल दाबाच्या उलट येऊ शकतो आणि तुम्ही पुन्हा उलट्या निष्कर्षावर जाल. कडक सपाट तळावर, वरून छोटं वजन हलकेच ठेवून, तीन-चार वेळा. आणि आधी मल्टिमीटर-बॅटरीने तुमच्या प्रीअ‍ॅम्पची चिन्ह तपासा. काही प्रीअ‍ॅम्प करंट उलटा करून देतात.

मी म्हणेन नवी फिल्मच पोल करा. दोन करा, म्हणजे खड्डा पुन्हा येतो का तेही कळेल.

वाघूरकाठची
सोमवार, सकाळी ६:५५

प्रीअ‍ॅम्प उलटा करूनच देतो नाना, मॅन्युअलमध्ये बघितलं. वाचले.

नव्या दोन फिल्म कापून ठेवल्या आहेत. बुधवारी आमच्या फीडरला देखभालीसाठी लाइट बंद आहे, म्हणून गुरुवारी रात्री पोलिंग. या वेळी पॉझिटिव्हच्या बाजूने बघितल्यावर उजवीकडचा वरचा कोपरा तिरका कापलाय, दोन्हींचा.

मीटरवाला_नाना
सोमवार, सकाळी ७:०२

छान. आता पॉझिटिव्हच्या बाजूने बघितल्यावर, हे वहीत लिहिलंत का?

वाघूरकाठची
सोमवार, सकाळी ७:०४

लिहितेय.